वीज कडाडली, तलाव रिकामा केला. पण मुले गेली कुठे?

मे महिन्यातली गोष्ट. वस्तीतल्या अकरा मुलामुलींना आम्ही उन्हाळी सुट्टीत पोहायला घातले होते. तलाव छताखालचा. वर पत्र्याचे उंच छत, चारी बाजूंनी भिंती, एका भिंतीला मोठ्या काचा, शेजारी कपडे बदलायच्या खोल्या आणि ऑफिस. संध्याकाळी पाच ते पावणेसहाची बॅच. मुलांना न्यायला-आणायला आमच्या आरोग्य गटातल्या आम्ही दोघी-तिघी आळीपाळीने जायचो.

त्या दिवशी चार वाजल्यापासूनच आभाळ भरून आले होते. पाच-वीसला पहिला कडकडाट झाला. सरांनी शिट्टी वाजवली, मुले भराभर बाहेर आली. इथपर्यंत आम्हाला बरे वाटले. पण मग सर म्हणाले, "चला, आज सुट्टी. सगळ्यांनी बाहेर व्हा." आणि पाचच मिनिटांत मुले गेटबाहेर. वॉचमनने गेट ओढून कुलूप लावले, तोही घरी जायच्या घाईत. पाऊस असा की समोरचा माणूस दिसत नव्हता. रिक्षा मिळेना. मुले धावत गेली ती सायकल स्टँडजवळच्या गुलमोहराखाली. अंगावर ओले कॉस्च्युम, खांद्यावर टॉवेल, हात लोखंडी रेलिंगवर. त्यांच्यात आमची सगळ्यात लहान मुलगी होती, सात वर्षांची. ती थंडीने आणि भीतीने कापत होती.

आम्ही त्यांना ओढत समोरच्या मेडिकल दुकानात नेले. दुकानदाराने शटर वर करून आत घेतले, चहासुद्धा पाजला. झाडावर वीज पडली नाही. कोणाला काही झाले नाही. काही झाले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी त्याबद्दल बोललेही नाही.

आम्ही बोललो. व्यवस्थापकांना विचारले, तर त्यांनी भिंतीवरची पाटी दाखवली: विजा चमकत असताना तलाव बंद राहील. नियम होता, तो पाळलाही होता. पण पाण्यातून काढलेले मूल कुठे थांबेल, हे त्या पाटीवर नव्हते. पक्क्या इमारतीतली मुले आम्ही सर्वांनी मिळून झाडाखाली नेऊन उभी केली होती. आम्ही आयुष्याची वर्षे कॅज्युअल्टीत काढलेल्या नर्स. आम्हालाही ते गेटाबाहेर गेल्यावरच उमगले. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय.

आधी वीज काय करते ते समजून घेऊ. ढगातून जमिनीवर येणाऱ्या एका विजेत साधारण तीस हजार अँपिअर प्रवाह असतो. आपल्या घरातला पंखा एक अँपिअरसुद्धा घेत नाही. हा प्रवाह क्षणाच्या अगदी बारीक हिश्श्यात येतो आणि जातो. वीज जिथे पडते तिथेच संपते असे मात्र नाही. ती जमिनीत पसरते, ओल्या मातीतून जाते, लोखंडी पाइपातून, कुंपणाच्या तारेतून, वायरिंगमधून वाट काढते. अंगावर थेट वीज पडून मरणारे थोडे असतात. जमिनीतून पसरलेला प्रवाह पायांतून शिरणे, शेजारच्या झाडावरून अंगावर उडी घेणे, हात लावलेल्या धातूतून येणे, याच वाटांनी बहुतेकांना इजा होते. गुलमोहराखाली, रेलिंगला हात लावून उभी असलेली आमची मुले या तिन्ही वाटांवर उभी होती.

पाण्याचे काय? तलावाच्या पाण्यात क्लोरीन आणि इतर क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून वीज सहज वाहते. शिवाय ओले अंग. कोरडी, जाड कातडी विजेला चांगलाच अडथळा करते. तीच कातडी भिजली की तो अडथळा कितीतरी पटींनी कमी होतो. उघड्या तलावात तर पाण्याच्या सपाटीवर पोहणाऱ्याचे डोकेच उंच असते. म्हणून उघड्या तलावाबद्दल जगात कुठेही वाद नाही. गडगडाट ऐकू आला की बाहेर. नदी, विहीर, शेततळे यांनाही तेच लागू.

छताखालच्या तलावाबद्दल मात्र वाद आहे, आणि तो अमेरिकेत बरीच वर्षे चालू आहे. तिथली नॅशनल लाइटनिंग सेफ्टी इन्स्टिट्यूट म्हणते की छत असो वा नसो, विजा कडाडत असताना पाण्यात कोणी नको. कारण वीज इमारतीवर किंवा जवळपास पडली तर ती पाण्याच्या पाइपांतून, दिव्यांच्या वायरिंगमधून तलावापर्यंत येऊ शकते. याच कारणासाठी तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणा लोकांना वादळात आंघोळ करू नका, भांडी घासू नका असे सांगतात. दुसऱ्या बाजूला अॅक्वाटिक सेफ्टी रिसर्च ग्रुप ही तलावांच्या सुरक्षिततेवर काम करणारी मंडळी आहेत. ते विचारतात की छताखालच्या तलावात वीज लागून एक तरी माणूस मेल्याची नोंद दाखवा. अशी नोंद नाही. उलट तलाव बंद करून तुम्ही माणसांना पार्किंगमध्ये, रस्त्यावर पाठवता, आणि तिथे विजेने खरोखरच माणसे मरतात, असे त्यांचे म्हणणे.

आम्हाला दोन्ही बाजूंमध्ये तथ्य दिसते, आणि आमच्या अकरा मुलांना पाहिल्यावर दुसऱ्या बाजूचे म्हणणे जास्त टोचले. तरीही आमचे मत असे की पाण्यातून बाहेर काढावेच. पण इमारतीतून बाहेर काढू नये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडच्या पाट्यांवर त्या एकच करून टाकल्या आहेत.

पाण्यातून का काढावे, याचे आमचे पहिले कारण वीज नाहीच. वळवाचा कडकडाट आणि लाइट जाणे हे आपल्याकडे जोडीनेच येते. छताखालचा तलाव संध्याकाळी दिव्यांवर चालतो. दिवे गेले की पाण्याचा तळ दिसत नाही. चाळीस मुले पाण्यात, पत्र्यावर पावसाचा ताशा, हाक ऐकू येत नाही, अंधार, आणि लाइफगार्डला कोण वर आहे, कोण खाली आहे ते कळत नाही. बुडायला फार वेळ लागत नाही, आणि बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही, ते गुपचूप खाली जाते. तेव्हा अमेरिकेतला वाद कोणीही जिंको, लाइट जायच्या आत मुले काठावर असली पाहिजेत. बॅटरीवर चालणारे दिवे तलावाजवळ हवेत ते याचसाठी. आमच्या त्या तलावात एक होता. तो ऑफिसच्या कपाटात होता.

दुसरे कारण वायरिंग. मोटर, फिल्टर, पाण्याखालचे दिवे, छताचे लोखंडी खांब, शिडी, कठडा, हे सगळे चांगले जोडलेले असेल तर वीज पडूनही धोका खूप कमी होतो. जोडलेले म्हणजे काय? या सगळ्या धातूच्या वस्तू जाड तांब्याच्या पट्टीने किंवा तारेने एकमेकींना जोडायच्या आणि मग ते सगळे अर्थिंगला द्यायचे. मग विजेचा दाब सगळीकडे एकदमच चढतो आणि एकदमच उतरतो. दोन वस्तूंमध्ये फरक पडला तरच प्रवाह वाहतो. ओला पोरगा एका हाताने शिडी धरून असतो आणि पाय फरशीवर असतो, तेव्हा त्या दोघांत फरक नसला की त्याच्या अंगातून काही जात नाही. याशिवाय इमारतीवर तडितरक्षक हवा. त्याची तार मधेच तुटलेली किंवा कोणी भंगारात विकलेली नसावी, ती थेट जमिनीत गेलेली असावी. आपल्या देशात यासाठी आयएस/आयईसी 62305 हे मानक आहे. पाण्यातल्या दिव्यांना 12 व्होल्टपेक्षा जास्त दाब नको. मोटर आणि दिव्यांच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरला तुटणारा स्विच हवा, ज्याला इलेक्ट्रिशियन मंडळी अजूनही ईएलसीबी म्हणतात.

हे सगळे विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही. "अर्थिंग शेवटचे कधी तपासले, त्याचा कागद दाखवा," एवढे वाक्य पुरते. कागद नसेल तर समोरच्याचा चेहराच सांगतो. आम्हाला पहिल्यांदा विचारल्यावर सांगितले गेले की ते काम कॉन्ट्रॅक्टरकडे आहे. कॉन्ट्रॅक्टर कोण, ते सांगणारा माणूस रजेवर होता.

इथे एक गोष्ट विजेपेक्षाही महत्त्वाची. आभाळ निरभ्र असतानाही तलावात शॉक लागू शकतो, खराब मोटरमुळे किंवा फुटलेल्या दिव्यामुळे. पाण्यात मुंग्या आल्यासारखे वाटले, शिडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मुलांनी लगेच सांगायचे आणि धातूपासून लांबच्या कडेने बाहेर यायचे. कोणी पाण्यात एकदम ताठरला किंवा लुळा पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. आधी मेन स्विच बंद. मग लांब काठी, प्लास्टिकची रिंग, दोर. वाचवायला उडी घेतलेला दुसरा माणूसही जातो, असे आम्ही विहिरीच्या मोटरच्या बाबतीत एकाच घरात पाहिले आहे. बाप आणि मागोमाग मुलगा.

आता वेळेचे गणित. वीज आधी दिसते, आवाज मागून येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत एक-दोन-तीन मोजा. तीस आकडे व्हायच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. दहा किलोमीटर म्हणजे लांब नव्हे. वीज ढगापासून तेवढ्या अंतरावर, वर निळे आभाळ असतानाही पडू शकते. म्हणून पाण्याबाहेर. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर पुढची तीस मिनिटे पाण्यात कोणी नाही. मधेच पुन्हा गडगडाट झाला तर तीस मिनिटे पुन्हा पहिल्यापासून. पाऊस थांबला म्हणजे वीज संपली, असे नाही.

पण छताखाली हे मोजणार कोण? आत मुलांचा गलका, पत्र्याचा आवाज. वीज दिसत नाही, गडगडाट ऐकू येत नाही. म्हणून एका माणसाला बाहेर लक्ष ठेवायचे काम ठरवून द्यावे लागते, आणि त्याच्या मोबाइलवर 'दामिनी' अॅप असावे. हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने केलेले अॅप आहे. फुकट आहे. आपल्या भोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात विजा पडत आहेत का ते दाखवते. आपल्या महाराष्ट्रात एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हे विजांचे दिवस, त्यातही दुपारनंतरची वेळ. आणि पोहण्याची उन्हाळी शिबिरे कधी? एप्रिल-मे. लहान मुलांच्या बॅच कधी? चारनंतर. ही गाठ कोणी मुद्दाम मारलेली नाही, पण ती पडलेली आहे. शक्य असेल तिथे लहानांची बॅच सकाळी ठेवावी.

पालकांचेही सांगायला हवे. पैसे भरलेले असतात, पाऊण तासाची बॅच असते, आणि त्यात अर्धा तास काठावर बसून गेला की कुरकुर होते. आमच्यातल्याच एका आईने विचारले, "ताई, मग फी परत देणार का?" प्रश्न चुकीचा नाही. धुणीभांडी करून तिने ते पैसे भरले होते. वीज कडाडून बुडालेली बॅच दुसऱ्या दिवशी भरून द्यावी, हे नियमातच लिहावे. नाहीतर पैशापायी शिट्टी उशिरा वाजते.

बाहेर काढलेल्या मुलांना न्यायचे कुठे, हे आता नीट पाहू. पक्क्या भिंतींची, वायरिंग आणि नळ असलेली इमारत चांगली. कपडे बदलायची खोली, ऑफिस, जिन्याखालची जागा, काहीही चालेल. फक्त चार खांबांवर पत्रा टाकलेला मांडव म्हणजे इमारत नव्हे. काही ठिकाणी तलावावर असेच छत असते आणि त्याला 'इनडोअर' म्हणतात. तो तलाव उघडाच समजायचा आणि मुले तिथून उठवून भिंतींच्या आत न्यायची. जवळ इमारत नसेल तर काचा वर केलेली मोटार किंवा शाळेची बस चालते. रिक्षा आणि दुचाकी चालत नाही.

खोलीत नेल्यावर सगळ्यात मोठी चूक होते ती शॉवरची. पोहून आले की मुले सवयीने शॉवरखाली पळतात. तोच पाइप, तेच पाणी, तेच ओले अंग. मग तलावातून काढून मिळवले काय? शॉवर बंद. नळाला, लोखंडी कपाटाला, खिडकीच्या गजाला टेकून उभे राहायचे नाही. केस वाळवायचे यंत्र लावायचे नाही, चार्जिंगला लावलेला फोन हातात घ्यायचा नाही. अंग पुसायचे, कोरडे कपडे घालायचे, चपला घालायच्या आणि बाकावर किंवा सतरंजीवर बसायचे. अर्धा तास ओल्या कॉस्च्युममध्ये बसलेले सात वर्षांचे मूल मे महिन्यातही काकडते. म्हणून व्यवस्थापनाने चार-दोन जास्तीचे टॉवेल ठेवावेत. ही फार मोठी मागणी नाही. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे न्यायला माणूस येईपर्यंत आणि गडगडाट थांबेपर्यंत एकाही मुलाला गेटबाहेर सोडायचे नाही. मुलांची डोकी मोजायची: पाण्यातून निघताना एकदा, खोलीत पोचल्यावर एकदा.

आता समजा, सगळे करूनही कोणाला वीज लागली. तलावावर असो, रस्त्यावर असो, शेतात असो, पुढचे सगळे सारखेच आहे. हा भाग घरात मोठ्याने वाचावा असे आम्हाला वाटते.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावल्याने आपल्याला काही होत नाही. हे आम्ही ठळकपणे सांगतो, कारण हात लावायला घाबरून लोक गोल करून उभे राहतात आणि मधला माणूस जातो. (घरातल्या वायरला चिकटलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. तिथे आधी स्विच बंद.) फक्त विजा अजून पडत असतील तर आधी त्याला आणि स्वतःला आडोशाला न्या.

वीज मारते ती प्रामुख्याने हृदय आणि श्वास बंद पाडून. भाजणे बहुतेक वेळा वरवरचे असते. एकदम मोठा धक्का बसून हृदय थांबते. पुष्कळदा ते आपोआप पुन्हा सुरूही होते. पण मेंदूतले श्वासाचे केंद्र त्यापेक्षा जास्त वेळ बधिर राहते. श्वास नाही म्हणून रक्तातला प्राणवायू संपतो आणि सुरू झालेले हृदय पुन्हा थांबते. या मधल्या मिनिटांत कोणी तोंडाने श्वास दिला तर माणूस वाचू शकतो. म्हणूनच विजेच्या बाबतीत आमच्या शिक्षणातला एक नियम उलटा होतो. इतर अपघातांत अनेक जण जखमी असतील तर ज्यांच्यात जीव दिसतो त्यांना आधी पाहतात. विजेत मात्र जो मेल्यासारखा पडला आहे त्याच्याकडे आधी जायचे. जो रडतो, ओरडतो, बोलतो, तो श्वास घेतो आहे. त्याला थोडा वेळ आहे.

108 ला फोन करायला एकाला सांगा. हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा अधूनमधून माशासारखे नुसते तोंड उघडते आहे, तर लगेच सुरू करा. छातीच्या मधोमध, हाडावर, एका तळहाताचा मागचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपर सरळ. पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. तीस वेळा दाबून झाले की डोके मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून दोन श्वास, छाती वर येताना दिसली पाहिजे. पुन्हा तीस. लहान मुलाची छाती एक-तृतीयांश दबेल इतकेच, फार लहान असेल तर एका हाताने. पाण्यातून काढलेल्या माणसाला मात्र आधी श्वास द्या आणि मग दाबायला लागा, कारण तिथे प्राणवायूच संपलेला असतो. पोट दाबून पाणी काढत बसू नका. दमलात तर दुसऱ्याला बसवा, पण थांबू नका. विजेत डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या दिसल्या तरी त्यावरून 'गेला' असे ठरवू नका.

वाचलेल्यांच्या अंगावर कधी कधी नेचाच्या पानासारखी लाल नक्षी उमटते. ती काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जाते. ती देवीची खूण नाही. पाय निळे, गार, लुळे पडतात आणि काही तासांत पूर्ववत होतात. कानाचा पडदा फाटू शकतो. माणूस उठून बसला, बोलला, तरी दवाखान्यात न्यायचेच, हृदयाचा आलेख काढायचाच. काहींना पुढे महिनोन्‌महिने झोप न लागणे, विसरणे, चिडचिड, अंगदुखी असा त्रास राहतो. घरचे म्हणतात नाटक करतो. नाटक नसते.

कॅज्युअल्टीतली एक आठवण आमच्यापैकी एकीच्या मनातून जात नाही. एका खेड्यातून वीज लागलेला विशीतला तरुण आणला होता. गळ्यापर्यंत शेणाने माखलेला. वीज पडलेल्या माणसाला शेणात पुरले की शेण वीज ओढून घेते, असे कोणीतरी सांगितले होते आणि सगळ्यांनी ते मनापासून केले होते. खड्डा खणला, शेण गोळा केले, तासभर वाट पाहिली. अंगात ओढून घ्यायला काही नव्हतेच. हवा होता तो श्वास. आम्ही शेण पुसले तेव्हा अंग थंड होते. त्याची आई सारखी विचारत होती, शेण कमी पडले का?

असाच दुसरा समज, पायाळू माणसावर वीज पडते. पायाकडून जन्मलेल्या मुलीला पावसात आवर्जून घरात ठेवायचे आणि बाकीच्या पोरांना आंब्याखाली कैऱ्या वेचायला पाठवायचे, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. माणूस कसा जन्मला याच्याशी विजेला काही देणेघेणे नाही. तो कुठे उभा आहे याच्याशी आहे.

या पानाचे सगळेच वाचक काही तलावावर जात नाहीत. 2022 साली देशात 2,887 माणसे विजेने मेली, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. त्यातल्या बहुतेकांनी पोहण्याचा तलाव पाहिलाही नसेल. ती निंदणीला, कापणीला, गुरांमागे गेलेली माणसे. त्यांच्यापुढेही प्रश्न तोच, कामावरून उठवले तर जायचे कुठे? रानात पक्की इमारत नसते. ज्याच्या शेतात मजुरी करतो त्याला गडगडाट झाल्यावर गावात किंवा ट्रॅक्टरच्या बंद केबिनमध्ये नव्हे, तर झाडाखाली थांबा म्हणायची सवय असते. झाड, तारांचे कुंपण, विजेचा खांब, विहीर यांपासून लांब राहा. घोळका करू नका, एकमेकींत अंतर ठेवा. काहीच आडोसा नसेल तर पाय जुळवून, उकिडवे, डोके खाली घालून बसा, झोपू नका. याने धोका थोडा कमी होतो, संपत नाही. आणि मृत्यू झालाच तर शवविच्छेदन आणि तलाठ्याचा पंचनामा चुकवू नका. राज्य सरकारकडून वारसाला चार लाख रुपये मिळतात, ते या कागदांवर अवलंबून असतात. दुःखात अंत्यविधी उरकून टाकला जातो आणि मग तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

पुन्हा आमच्या तलावाकडे. आम्ही एका पानाचा अर्ज दिला. गडगडाट ऐकू आला की मुले पाण्याबाहेर आणि खोलीच्या आत. शॉवर बंद. तीस मिनिटे. गेट उघडे, पण मूल पालकाच्या हातातच. बुडालेली बॅच भरून द्यायची. बॅटरीचा दिवा कपाटाबाहेर. अर्थिंगचा कागद फलकावर. दोन आठवडे काही झाले नाही. तिसऱ्या आठवड्यात आम्ही पालकांच्या सह्या घेऊन गेलो, तेव्हा खुर्च्या मिळाल्या. दिवा आता भिंतीवर टांगला आहे. अर्थिंगचा कागद अजून यायचा आहे, दर सोमवारी आमच्यापैकी एकजण जाऊन विचारते. दोन्ही लाइफगार्ड रविवारी आमच्याकडे येऊन उशीवर छाती दाबायचा सराव करून गेले. त्यातल्या एकाने मान्य केले की त्याला शिकवले होते, पण सहा वर्षे हात लावला नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा वळीव आला. मुले पाऊण तास कपडे बदलायच्या खोलीत सतरंजीवर बसून गाण्याच्या भेंड्या खेळत होती. वॉचमन साडेसहापर्यंत थांबला. गेटची किल्ली आता त्याच्या खिशात नसते, सरांच्या शिट्टीच्या खिळ्यावर असते.